गोरेगाव, गोलेगाव आणि प्रश्नचिन्हं

वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. खाली दिवसभर ट्रकची चाकं उतरवण्याचा ठणठणाट आणि वर मी, एक टेबलफॅन आणि प्लास्टिकचं कव्हर घातलेला कॉम्प्युटर. मेंढ्या-बकऱ्यांच्या आरोग्याचं काम करणारी ती एक छोटी संस्था होती. ती चालवायचे एक निवृत्त पशुवैद्य. जिल्ह्यातले सगळे मेंढपाळ त्यांना नुसतं डॉक्टर म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. नव्वदचं दशक संपत आलं होतं, हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि कॉम्प्युटर शिकलेल्या मुलीला नोकरी मिळते या गोष्टीचं आमच्या गोरेगावात अजून नवल वाटत होतं.

आमच्या घरी मेंढरं होती. आबा, म्हणजे माझे वडील, वर्षातले बरेच महिने कळप घेऊन रानोमाळ असायचे. मी हिंगोलीला मावशीकडे राहून बारावी केली, मग मराठी टायपिंग शिकले, आणि त्या टायपिंगच्या क्लासमध्ये एक दिवस टाइपरायटर हलवून कॉम्प्युटर ठेवले, तेव्हा तेही शिकले. डॉक्टरांना अशीच कुणी हवी होती, जिला मशीनही कळतं आणि मेंढरूही. मुलाखतीत त्यांनी मला कॉम्प्युटरबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. मेंढीचं वय दातांवरून कसं ओळखतात ते विचारलं आणि सोमवारपासून ये म्हणाले.

काम साधं होतं. कुठल्या गावात कुणाकडे किती जनावरं, त्यांना कोणती लस कधी टोचली, पुढची कधी टोचायची, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये भरायचं. डेटाबेस नावाच्या गोष्टीत माहिती टेबलांमध्ये ठेवतात एवढं मला क्लासमध्ये शिकवलं होतं. ती टेबलं किती करायची, कशी करायची, हे काही शिकवलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, प्रत्येक गावाचं वेगळं टेबल कर. त्यांच्या जुन्या दवाखान्यात प्रत्येक गावासाठी भिंतीवर वेगळा खण होता, त्या हिशेबानं. आणि म्हणाले, नावं मराठीतच द्यायची. इंग्रजी स्पेलिंगमध्ये आपल्या गावांचं काय होतं ते त्यांनी नोकरीभर पाहिलं होतं. एकदा त्यांची बदली ज्या गावाला झाली होती, त्या गावाचं नाव हुकुमात असं काही लिहिलं होतं की ते दोन दिवस दुसऱ्याच गावात जाऊन हजर राहिले होते.

म्हणून मी गावांची नावं मराठीत टाइप केली. कुरुंदा, वारंगा, गोरेगाव, गोलेगाव, एकेक करत. आणि प्रत्येक नाव टाइप करून झालं की पडद्यावर भलतंच काही दिसायचं. गोरेगावच्या जागी हे दिसलं:

MÉÉä®äúMÉÉ´É

त्याचं कारण मला नंतर हळूहळू उमगलं. त्या काळातल्या कॉम्प्युटरला आपली अक्षरं मुळी ठाऊकच नव्हती. त्याला इंग्रजी अक्षरं यायची, आणि युरोपातल्या इतर भाषांसाठी लागणारी, डोक्यावर काडी, टिंबं नाहीतर टोपी असलेली काही अक्षरं यायची. मराठी फॉन्ट बनवणाऱ्यांनी ग, र, व यांचे तुकडे केले आणि त्या काडी-टिंबांच्या जागांवर बसवले. तो फॉन्ट लावला की गोरेगाव दिसायचं. जिथे फॉन्ट लावायची सोय नाही तिथे ती परकी अक्षरं उघडी पडायची. टेबलाच्या आतल्या माहितीला फॉन्ट लावता यायचा. टेबलांच्या नावांची जी यादी डाव्या बाजूला दिसायची, तिला तो लावता येत नव्हता.

डॉक्टरांनी ती यादी पाहिली आणि चष्मा पुसून परत पाहिली. त्यांना वाटलं व्हायरस शिरला. मी सांगितलं की हे मराठीच आहे, फक्त दिसत नाही. ते म्हणाले, "तुला वाचता येतं ना, बेटा? मग बराबर आहे."

खरं तर तेव्हा मला ते वाचता येत नव्हतं. पण असं विचारल्यावर शिकणं भागच होतं. M म्हणजे दांडी नसलेला ग. डोक्यावर काडी असलेला E म्हणजे ती दांडी, आणि पुढे परत तोच आला तर काना. दोन टिंबांचा a म्हणजे मात्रा. महिन्याभरात मला त्या यादीवरून नजर फिरवली की गावं दिसायला लागली, अगदी पाटीवर लिहिल्यासारखी. कधी कधी पेपरात एखाद्या परदेशी खेळाडूचं नाव इंग्रजीत छापलेलं असायचं, त्यात काडीवाला E आला की मी तो काना म्हणून वाचायचे आणि स्वतःशीच हसायचे.

आबा एकदा ऑफिसात आले. माळेगावच्या बाजूला कळप होता, तिथून नांदेडच्या जीपनं फाट्यावर उतरले, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. लेक काय काम करते ते बघायचं होतं त्यांना. मी त्यांना खुर्ची दिली. ते जमिनीवरच बसले, मग माझ्या आग्रहाखातर खुर्चीच्या कडेवर बसले. मी त्यांना यादी दाखवली आणि आपलं गाव कुठं आहे ते बोट ठेवून दाखवलं. आबांना थोडंफार वाचता यायचं. ते पुढे झुकून बराच वेळ बघत राहिले.

"हे आपलं गाव व्हय?"

"व्हय, आबा."

"मंग याच्या डोक्यावर एवढ्या काड्या काहून?"

मी समजावून सांगायला गेले, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी आत आपल्या नावाची नोंद बघायला मागितली. ती मराठीत नीट दिसत होती. कळपातल्या जनावरांचा आकडा मात्र त्यांना पटला नाही. माझ्या नोंदीनंतर कोकरं झाली होती. मी तिथल्या तिथे आकडा बदलला. त्यांना ते फार आवडलं. खाली टायरच्या दुकानात जाऊन त्यांनी दुकानदाराला सांगितलं की वरती आपली पोरगी बसते आणि तिला पाहिजे तेव्हा मेंढरं वाढवते.

असं पाच-सहा वर्षं छान चाललं. मग आमची संस्था नांदेडच्या एका मोठ्या संस्थेत सामील झाली. डॉक्टरांचं वय झालं होतं, एकट्यानं रेटणं अवघड होतं, आणि तिकडे माणसंही जास्त होती. नांदेडच्या लोकांनी सांगितलं की सगळी माहिती त्यांच्या नव्या मोठ्या कॉम्प्युटरवर घ्यायची, नव्या पद्धतीनं, युनिकोडमध्ये. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. युनिकोडमध्ये कॉम्प्युटरला आपली अक्षरं खरोखरच कळतात, क हा क म्हणूनच साठवला जातो, असं फोनवर मला ज्या मुलीनं सांगितलं ती तिथली नवी इंजिनिअर होती. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, नांदेडच्या एका मास्तरांची मुलगी, बोलायला भराभर आणि मनानं उतावीळ. मी तिला मॅडम म्हणायचे, ती मला ताई. मी सगळ्या टेबलांची सीडी करून तिला एसटीच्या पार्सलनं पाठवली. मूळ माहिती माझ्या कॉम्प्युटरवर होतीच.

तिनं काम मन लावून केलं होतं, हे आधीच सांगायला हवं. टेबलांच्या आतल्या माहितीचं मराठी बदलायला तिनं एक प्रोग्रॅम मिळवला होता आणि त्यानं नावं, आडनावं, सगळं ठीक उतरवलं होतं. पण टेबलांची स्वतःची नावं त्या प्रोग्रॅममधून गेलीच नाहीत. ती दुसऱ्याच वाटेनं गेली, आणि त्या वाटेवरच्या मशीनला काड्या-टिंबांची अक्षरं कळत नव्हती. जे अक्षर कळलं नाही तिथे त्यानं प्रश्नचिन्ह टाकलं. साधी इंग्रजी अक्षरं तेवढी राहिली. यादीभर प्रश्नचिन्हं पाहून ती गोंधळली होती, पण टेबलं उघडून आत गावाच्या लोकांची आडनावं पाहून आणि डॉक्टरांना फोनवर विचारून तिनं एकेका टेबलाला गावाचं नाव लावलं होतं. माझ्याकडे विचारायला तिला संकोच वाटला, कारण आधीच मला फार फोन केले असं तिला वाटत होतं. हे तिनं मला नंतर सांगितलं.

उन्हाळा संपता संपता, पावसाच्या आधी, मेंढरांना लस टोचायची असते. त्या वर्षी पहिल्यांदाच शिबिराची पोस्टकार्डं नांदेडहून नव्या कॉम्प्युटरवरून छापून गेली. गोरेगावचं शिबिर पहिलं होतं. डॉक्टर, मी आणि आमच्या जीपचा ड्रायव्हर, आम्ही सकाळीच लसीचे थर्माकोलचे डबे बर्फात घालून पोचलो. नव्या पद्धतीचं पहिलं शिबिर म्हणून इंजिनिअर मॅडमही नांदेडहून आली होती. तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. फिकट निळा पंजाबी ड्रेस, पायात पांढऱ्या चपला. मेंढरांच्या वाटेवर पांढऱ्या चपला घालून येणारं माणूस माझ्या पाहण्यात दुसरं नव्हतं.

गावाबाहेरच्या माळावर कळप जमायला लागले. आबाही आले होते. पहिल्या तासात काम भराभर झालं. मग मला वाटायला लागलं की कळप संपतच नाहीयेत. ओळखीचे चेहरे होऊन गेले तरी माळाच्या दुसऱ्या अंगानं धूळ उडतच होती. डॉक्टरांनी एका म्हाताऱ्या मेंढपाळाला विचारलं की तुमचा मेंढरांचा वाडा कुठला.

"गोलेगावचा," म्हातारा म्हणाला.

गोलेगाव औंढ्याच्या बाजूला. तिथलं शिबिर आमच्या डोक्यात पुढच्या आठवड्यात होतं. डॉक्टरांनी विचारलं की मग इकडे काहून आलात. म्हाताऱ्यानं मुंडाशातून पोस्टकार्ड काढून दिलं. त्यावर त्याचं नाव आणि औंढ्याच्या पोस्टाचा पत्ता बरोबर होता, जनावरांचा आकडा बरोबर होता, आणि शिबिराचं ठिकाण गोरेगाव लिहिलं होतं. त्यांच्यातले काही जण त्या दिवसांत गोरेगावजवळ, सेनगावच्या बाजूलाच चारत होते, त्यांना काही वाटलं नाही. बाकीचे मात्र मुक्काम करत चालत आले होते. म्हातारा शांतपणे म्हणाला की आमाला वाटलं यंदा सरकारनं जागा बदलली, आता सरकारला काय विचारायचं. आम्ही सरकार नाही हे डॉक्टर त्यांना वर्षानुवर्षं सांगत आले होते.

लस पुरणार नव्हती, हे उघड होतं. गोरेगावचे काही लोक कुरकुरायला लागले की आमच्या वाट्याची लस पाहुण्यांना चाललीय. गोलेगावचे म्हणायला लागले की आमाला कागद पाठवून बोलावलं. आवाज चढायला लागले. मी मॅडमकडे पाहिलं. ती पोस्टकार्ड हातात घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता. काय झालं असेल ते तिच्या ध्यानात यायला लागलं होतं, पूर्ण नाही, पण आपल्याकडून झालं एवढं तिला कळलं होतं.

तेव्हा आबा पुढे झाले. त्यांनी त्या म्हाताऱ्याला हाताला धरून लिंबाच्या सावलीत बसवलं आणि आपली तंबाखूची चंची पुढे केली. मग गोरेगावच्या लोकांकडे वळून म्हणाले, "चालत आलेल्या जितराबाला आपुन माघारी धाडत न्हाई. आधी त्यांचं टोचून घ्या, आमचं उद्या झालं तरी चालतं."

गोरेगावच्या लोकांनी आपले कळप मागे घेतले. डॉक्टरांनी जीप लगेच हिंगोलीला पिटाळली, आणखी लस आणायला. तोवर जी होती ती पाहुण्यांच्या जनावरांना टोचायला त्यांनी सुरुवात केली. माझ्या माईनं, म्हणजे आईनं, कुठून आणि कशा एवढ्या भाकरी केल्या ते मला आजही माहीत नाही. शेजारच्या दोन-तीन घरांतल्या बायका तिच्या मदतीला आल्या असणार. दुपारी लिंबाखाली पंगत बसली. भाकरी, बेसन, ठेचा आणि कांदा. दोन्ही गावचे म्हातारे एकमेकांची सोयरीक काढत बसले आणि दर दुसऱ्या नावाला त्यांना कुणीतरी सापडत होतं.

मी मॅडमला घेऊन जरा बाजूला बसले. तिनं भाकरी हातात घेतली होती पण खात नव्हती. तिला वाटत होतं की संस्था आता तिला काढून टाकेल. मी म्हटलं, आधी नेमकं काय झालं ते तर बघू. यादीत गोरेगावच्या टेबलाचं नाव कसं दिसत होतं ते आठवतं का, असं मी तिला विचारलं. तिला आठवत होतं. तिनं थर्माकोलच्या डब्याचं झाकण उलटं केलं आणि डॉक्टरांच्या मार्करनं लिहिलं:

M??????M????

मी तिच्या हातातून मार्कर घेतला आणि वरच्या बाजूला गोरेगावचं काड्या-टिंबांचं नाव लिहिलं, एकेक तुकडा सुटा करून. मग त्याच्याखाली गोलेगावचं. दोन्ही नावं M नं सुरू होत होती, दोन्हीत मधे एक M होता, आणि रे लिहायला जेवढे तुकडे लागत होते, बरोबर तेवढेच ले लिहायला लागत होते. फरक होता तो फक्त मधल्या एका अक्षरात, आणि ते अक्षर दोन्ही ठिकाणी प्रश्नचिन्हाखाली गाडलं गेलं होतं.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे दोन्ही टेबलांचं नाव एकच झालं."

"व्हय."

"आणि मशीननं दुसऱ्या टेबलातली माणसं पहिल्या टेबलात ओतली. मला वाटलं गोरेगाव मोठंच असेल."

"गोरेगाव मोठं आहेच," मी म्हटलं. "पण एवढं नाही."

ती हसली. त्या दिवसातलं तिचं पहिलं हसू. मग तिनं भाकरी खाल्ली, आणखी एक मागून घेतली, आणि ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तेही लपवलं नाही. तिनं उठून गोलेगावच्या म्हाताऱ्याकडे जाऊन सांगितलं की चूक माझ्याकडून झाली, तुमच्या गावाचं नाव मशीनला वाचता आलं नाही. म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिचं लग्न झालंय का ते विचारलं. उन्हं कलायच्या आत जीप लस घेऊन परत आली आणि दोन्ही गावांची जनावरं त्याच दिवशी टोचून झाली. पांढऱ्या चपलांचा रंग काय झाला ते सांगायची गरज नाही.

पुढचे काही आठवडे आम्ही दोघींनी मिळून ते सगळं दुरुस्त केलं. आधी मिळवलेल्या प्रोग्रॅमला टेबलांची नावं घेता येत नव्हती, म्हणून तिनं त्यांच्यासाठी स्वतःच एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. आमच्या ऑफिसचा फोन बहुतेक वेळा बंदच असायचा, म्हणून ती टायरच्या दुकानाशेजारच्या एसटीडी बूथवर फोन करायची आणि बूथवाला खालून मला हाक मारायचा. मी वरच्या पडद्यावरचं कागदावर उतरवून खाली जायचे आणि तिला वाचून दाखवायचे. त्या अक्षरांना आम्हाला इंग्रजी नावं माहीत नव्हती, म्हणून आम्ही आमचीच नावं ठेवली होती. काडीवाला E. टोपीवाला E. दोन टिंबांचा a. शेपूटवाला c. लाइनला खरखर असली की मी मोठ्यानं ओरडायचे, आणि बूथबाहेर टायर बदलायची वाट बघत बसलेले ट्रक ड्रायव्हर कान देऊन ऐकायचे. एका सरदारजी ड्रायव्हरनं फोन संपल्यावर मला फार अदबीनं विचारलं की बहनजी, ये कौनसी जबान है. मी म्हटलं, मराठी. त्याला ते खरं वाटलं नसावं.

काना-मात्रा सोप्या निघाल्या. त्रास दिला तो पहिल्या वेलांटीनं. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप करायची, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर यायला हवी, कारण ती उच्चारायची नंतर. मॅडमनं हे पहिल्या खेपेला लक्षात घेतलं नव्हतं, त्यामुळे तिच्याकडे हिंगोलीची वेलांटी आधीच्या जागेवर एकटीच लटकत राहायची आणि तिच्याखाली एक रिकामं गोल वर्तुळ दिसायचं. डॉक्टर तेव्हा नांदेडला तिच्याकडे गेले होते. त्यांनी ते पाहून विचारलं की जिल्ह्याच्या ठिकाणाला हे काय झालंय. तिनं दोन दिवसांत ते सरळ केलं. रफारानंही तिला असंच पळवलं. पण ती आता प्रत्येक गोष्ट मला विचारायची, आणि मी जे मराठी शाळेत घोकलं होतं ते पहिल्यांदाच कुणाला तरी एवढं मन लावून समजावत होते.

मग तिनं तो विषय काढला जो मला नको होता. तिनं म्हटलं, "ताई, रागावू नका. पण प्रत्येक गावाला वेगळं टेबल करायची गरजच नाही. एकच टेबल करायचं, आणि त्यात गाव हा एक रकाना. म्हणजे टेबलाच्या नावात काड्याही नकोत आणि गावांची सरमिसळही नाही."

मला राग आलाच. एवढी वर्षं मी ती टेबलं राखली होती. मी तिला म्हटलं की डॉक्टरांना विचारते, आणि मनात धरून होते की डॉक्टर नाही म्हणतील. डॉक्टर नाहीच म्हणाले. गाव म्हणजे काय रकाना असतो का, असं ते म्हणाले. वर टेबलाचं नाव साध्या इंग्रजी अक्षरांत द्यायचं हे ऐकून तर त्यांनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही. मी खूश होऊन कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. आणि बसल्यावर माझ्या लक्षात आलं की ती म्हणते ते बरोबर आहे. आबांचा कळप कधी एका गावाच्या शिवारात असतो कधी दुसऱ्या, आणि मी दर वेळी त्यांची नोंद एका टेबलातून काढून दुसऱ्यात टाकत होते. तिच्या पद्धतीत नुसता गावाचा रकाना बदलला की काम झालं. ते मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं. ते खिडकीतून हायवेकडे बघत ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच गोष्ट विचारली, की पोस्टकार्डावर आणि पडद्यावर गावाचं नाव मराठीतच दिसेल ना. मी हो म्हटलं. टेबलाचं नाव काय ते मशीनपुरतं राहील, माणसांना ते दिसणारही नाही, हेही सांगितलं.

"मग मशीनला काय पाहिजे ते म्हणू दे," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी चहा मागवला.

नव्या पद्धतीतली यादी मी पहिल्यांदा पाहिली ती नांदेडला, मॅडमच्या टेबलावर. तिनं मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तिनं फॉन्ट वगैरे काहीच न लावता यादी उघडली आणि गावांची नावं सरळ समोर आली. गोरेगाव. गोलेगाव. वारंगा. कुरुंदा. एकाखाली एक, प्रत्येकाची शिरोरेषा जागेवर. तिनं शोधायच्या जागी नुसतं "गोरे" टाइप केलं आणि मशीननं गोरेगाव पुढं केलं. आतापर्यंत मशीन गोरेगाव वाहून नेत होतं, त्याला ते वाचता येत नव्हतं. मला आनंद झाला आणि जरा चुकचुकल्यासारखंही वाटलं. ती काड्या-टिंबांची यादी मीच एकटी वाचू शकत होते आणि ते मला आवडत होतं, हे मी तिला तिथेच सांगितलं. ती म्हणाली, ते तुम्हाला अजूनही येतं, ते थोडंच जातंय कुठे.

तिचं म्हणणं खरं निघालं, आणि माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर. त्या दोन-तीन वर्षांत जिल्ह्यात जिथे जिथे मराठी फॉन्टमध्ये काहीतरी भरून ठेवलेलं होतं, तिथे तिथे नवे कॉम्प्युटर आले आणि उघडल्यावर तेच दृश्य दिसायला लागलं. हिंगोलीतल्या एका वाचनालयाची पुस्तकांची यादी, सेनगावच्या एका शाळेची माजी विद्यार्थ्यांची नावं. कुणीतरी कुणाला सांगायचं की वारंगा फाट्यावर एक बाई आहे, तिला हे वाचता येतं. मग बोलावणं यायचं. जिथे नुसती काडी-टिंबं होती तिथे मी दुरुस्त करून द्यायचे. जिथे प्रश्नचिन्हं झाली होती तिथे मूळ प्रत शोधायला लावायचे, कारण प्रश्नचिन्हातून परत काही निघत नाही. मॅडमनं मला तिचा प्रोग्रॅम शिकवला होता, आणि अडलं की मी तिला फोन करायचे. आता मोबाइल आले होते, त्यामुळे ओरडावं लागत नव्हतं. ती लग्न करून औरंगाबादला गेली. तिच्या लग्नात मी आणि माझे आबा दोघं गेलो होतो. आबांनी आहेरात एक नवी कोरी घोंगडी नेली आणि तिनं ती मांडवातच खांद्यावर घेतली.

एकदा असंच कुरुंद्याहून बोलावणं आलं. हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका गटानं सगळ्या सभासदांची आणि त्यांच्या बेण्याची माहिती जुन्या कॉम्प्युटरवर ठेवली होती, आणि नव्यावर घेतल्यापासून ती कुणाला वाचता येत नव्हती. मी गेले तेव्हा हळद शिजवायचे दिवस होते. गावात शिरल्यापासून तो वास नाकात बसला. ज्या खोलीत कॉम्प्युटर होता तिच्या अंगणात हळकुंडं वाळत घातली होती, आणि माझ्याबरोबर आलेल्या शेतकऱ्यांमागून मी त्या हळकुंडांच्या कडेकडेनं, साडी सावरत, आत गेले. तिथल्या कीबोर्डच्या बटणांवर हळदीची पिवळी बोटं उमटलेली होती. मागे सहा-सात जण उभे राहिले. एकानं यादी उघडली आणि दिलगिरीच्या सुरात म्हणाला की बघा बाई, सगळं इंग्रजी होऊन गेलं.

मी पडद्याकडे पाहिलं. प्रश्नचिन्ह एकही नव्हतं. काड्या, टिंबं, टोप्या, सगळं जसंच्या तसं होतं. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, आडनावासकट. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो बाई, हा तर मीच."

मग मी दुसरी ओळ वाचली, आणि तो माणूसही तिथेच उभा होता. तिसऱ्या ओळीपर्यंत सगळे खुर्च्या ओढून जवळ येऊन बसले. कुणीतरी चहा सांगितला. मी पिशवीतून मॅडमच्या प्रोग्रॅमची सीडी काढली आणि कामाला लागले.